नुसतं बघून द्या

आमच्या घरात माणसं दोन आणि बोलणं त्याहून कमी. मी आणि अण्णा. आई गेल्यावर अण्णांनी मिरजेचं घर बंद केलं, मला घेतलं आणि पिंपरीला नव्या कारखान्यात सुताराची नोकरी धरली. खोकी ठोकायची नोकरी. ज्या माणसाने उभ्या जन्मात तंबोऱ्याखेरीज दुसरं काही घडवलं नव्हतं, तो आता माल भरायची खोकी ठोकत होता, आणि त्याबद्दल त्याची काही तक्रार आहे की नाही हे कळायला मार्ग नव्हता, कारण तक्रार करायलाही तोंड उघडावं लागतं. अण्णा सकाळी 'भाकरी झाली?' म्हणायचे, मग 'येतो' म्हणायचे, आणि पाळी संपवून आले की 'आलो' म्हणायचे. आलेला माणूस डोळ्यांना दिसतोय, मग 'आलो' कशाला सांगायचं, असं मला वाटे. पण तेवढंच काय ते पदरात पडायचं, म्हणून मी त्याची वाट बघायचे.

कारखान्याच्या क्वार्टर्स म्हणजे एका ओळीत आठ खोल्या. पुढे माळ, मागे बाभळी, आणि बाभळींच्या पलीकडे लोहमार्ग. दिवसभराचे आवाज ठरलेले. भोंगा, मग सायकलींच्या घंट्या, मग एकदम काहीच नाही. मग लोणावळ्याकडे जाणारी गाडी, मग पुन्हा काहीच नाही. त्या काहीच-नाहीलाही एक आवाज असतो, तो मी त्या खोलीत ऐकलाय. चुलीवर कांद्याची पात परतायला टाकली की तिची चर्रचर्र ऐकून मला बरं वाटायचं. मी चौदा वर्षांची होते, सातवी पास झाले होते, आणि पुढची शाळा लांब होती म्हणून घरीच होते. मला फार एकटं वाटायचं. आज नातवंडांना सांगितलं तर ती म्हणतात, आजी, तू तर इतकी बोलतेस की तुला पॉज बटण हवं. त्यांना काय सांगू, की हा सगळा तेव्हाचा साठा आहे!

सकाळी चिखलीहून सगुणाबाई दूध घालायला यायची. तिच्याशी चार वाक्यं व्हायची, पण तिला पुढची घरं असायची. माझं खरं माणूस म्हणजे शेजारच्या सिस्टरबाई. कारखान्याच्या दवाखान्यात नर्स होत्या, मूळच्या गोव्याकडच्या, पण उमेदीची सगळी वर्षं खडकीच्या छावणीत गेलेली. त्यांचे यजमान तिथे लष्करी बँडात होते. ते वारल्याला बरीच वर्षं झाली होती. त्यांचं नाव ज्यो, आणि सिस्टरबाई ते दिवसातून इतक्यांदा घ्यायच्या की मला तो माणूस बाजारात गेलाय आणि आत्ता येईल असं वाटायचं. त्यांच्या खोलीला व्हिनेगरचा, नारळाचा आणि डेटॉलचा मिळून एक वास होता. मी गेले की त्या मला उकडलेलं अंडं द्यायच्या आणि वर म्हणायच्या, "बाय, बाबाला सांगू नको." सांगायचं कधी, त्यासाठी आधी संभाषण सुरू व्हायला हवं ना.

रविवारी सिस्टरबाई गाडीने खडकीच्या चर्चला जाऊन यायच्या. आल्या की झगा बदलून पलंगाखालची काळी लाकडी पेटी ओढायच्या. त्या पेटीत ज्यो यांची गिटार होती. ज्योंनाही ती कुणा म्हाताऱ्या बँडवाल्याकडून मिळालेली, म्हणजे तेव्हाच ती चांगली जुनी होती. अंगाचा रंग मुरलेल्या गुळासारखा, आणि जिथे उजव्या हाताचं कोपर टेकतं तिथलं पॉलिश पार उडालेलं. सिस्टरबाईंना ती वाजवता येत नव्हती. त्या ती मांडीवर घ्यायच्या, अंगठा वरपासून खालपर्यंत सहाही तारांवरून एकदा फिरवायच्या, आणि आवाज विरेपर्यंत डोळे मिटून थांबायच्या. असं तीनदा. मग फ्लॅनेलच्या फडक्याने पुसून पुन्हा पेटीत. मी एकदा विचारलं, हे काय वाजवणं झालं? तर म्हणाल्या, "मी वाजवत नाही, बाय. मी त्याला विचारते, बरा आहेस ना."

गिटार त्यांच्या लेखी 'तो' होती. तिचा आवाज मला आवडायचा. कोरडा, जरा खाली बसलेला, थोडक्यात आटपणारा. एकेक तार आपलं म्हणणं सांगायची आणि गप्प व्हायची. आमच्या अण्णांच्या 'आलो'सारखा. वर्षभर दर रविवारी मी तो ऐकला, आणि पुढे जे झालं त्यात हे फार महत्त्वाचं आहे, की क्वार्टर्समध्ये सिस्टरबाई सोडल्या तर तो आवाज फक्त मला ठाऊक होता.

मग सिस्टरबाईंची नोकरी संपली. त्या बेळगावला बहिणीकडे कायमच्या जाणार असं ठरलं. मला त्यांनी ते अंडं सोलता सोलता सांगितलं, आणि मी ते अंडं खाल्लं नाही. जायच्या आधीच्या सोमवारी संध्याकाळी त्या पेटी घेऊन आमच्या दारात आल्या. अण्णा नुकतेच कामावरून आले होते.

"मेस्त," त्या म्हणाल्या. त्यांच्या भाषेत सुताराला मेस्त म्हणतात. "तुम्ही तंबोरे करायचा म्हणून पोरीने सांगितलं. ह्याला जरा नुसतं बघून द्या. लांबचा प्रवास आहे. आत कुठे तडा असला, तर मी त्याला इथेच चर्चमध्ये ठेवून जाईन. वाटेत मोडला तर मला नाही बघवणार."

"देतो की," अण्णा म्हणाले. "ठेवून जावा, सिस्टरबाई. रविवारपर्यंत बघून देतो."

सगळं रामायण 'बघून द्या' या दोन शब्दांत झालं. आपल्याकडे कारागिराला 'दुरुस्त करा' असं कुणी तोंडावर म्हणत नाही. घड्याळवाल्याला, चांभाराला, कल्हईवाल्याला आपण 'जरा बघून द्या' म्हणतो, आणि बघून म्हणजे करून, हे त्यालाही कळतं आणि आपल्यालाही. सिस्टरबाईंना हे ठाऊक नव्हतं. त्यांना खरोखरच बघून हवं होतं. आणि त्यातला 'नुसतं' हा शब्द अण्णांनी भिडेखातर आलेला धरला.

अण्णांनी हात धुतले, टोपी काढून खुंटीला लावली, पोतं अंथरलं आणि गिटार उचलली. मी त्यांना कित्येक महिन्यांत असं काही उचलताना पाहिलं नव्हतं. लहान मूल घेताना मान आधी सांभाळतात तसा त्यांनी डावा हात गळ्याखाली घातला. दाराकडच्या उजेडाला एक डोळा मिटून गळ्याच्या रेषेवरून पाहिलं. मग बोटाच्या पेराने पोटावर ठोकत ठोकत कडेपर्यंत गेले, प्रत्येक ठोक्याला कान खाली. दाढीचा आरसा भोकातून आत तिरका धरून आतल्या पट्ट्या पाहिल्या. भोकाशी नाक नेऊन वास घेतला. आणि मग माझे वडील बोलायला लागले.

"हिकडं ये. बघ. गळा अजून सरळ हाय. पाठ शिसवीची. पोटाचं लाकूड देवदाराच्या जातीचं, पर आपल्याकडचं न्हवं. ह्यो तडा दिसतोय? ह्यो जुना हाय, मुरलेला. वाढायचा न्हाई. आणि ह्ये बघ, पैल्या तीन पडद्यांवरच तारांनी खाचा पाडल्यात. वर सगळं कोरं. म्हंजे माणूस हितंच वाजवायचा. वर चढतच न्हवता."

"ज्योंना तीनच गाणी यायची," मी म्हणाले.

"मग बरोबर," अण्णा म्हणाले, आणि हसले.

मला काय झालं ते कसं सांगू! मी पोत्याच्या कडेला बसले आणि हललेच नाही. चुलीवरची भाकरी करपली तरी उठले नाही. मग अण्णांनी अंगठ्याने एक तार छेडली, आवाज संपेपर्यंत ऐकला, पुन्हा छेडली, आणि वैद्य नाडी धरून मान हलवतो तशी मान हलवली.

"लाकूड जित्तं हाय," ते म्हणाले. "पर जवारी बंद हाय."

तंबोऱ्याच्या घोडीवर तारांखाली हाडाचा रुंद पाट असतो. तो कानसून इतका हलका उतरता करायचा, की तार त्याला पुरती टेकत नाही आणि पुरती सुटतही नाही. मग तारेखाली सुताचा धागा सरकवायचा, मागेपुढे करायचा, आणि एका जागी आवाज एकाएकी उमलतो आणि गुंजत राहतो. ती जवारी. ती लागली की तंबोरा बोलतो, नाही लागली तर मुका. अण्णांचं सगळं आयुष्य त्या केसभर उतारावर गेलेलं. आणि या गिटारीच्या घोडीत हाडाची पट्टी होती ती सुरीच्या पात्याएवढी, उभी. तारा तिच्या धारेवरून जायच्या आणि आवाज लगेच आटपायचा. अण्णांना वाटलं, करणाऱ्याने हाडात कंजुषी केलीय.

आता आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर गिटारीचा क्लास आहे. मी एकदा मुद्दाम जाऊन बघून आले. सगळ्या गिटारींना तशीच बारीक उभी पट्टी असते. ती तशीच असावी लागते.

पट्टी जुन्या सरसाने घट्ट बसलेली होती. अण्णांनी ती उपसली तेव्हा तिचे दोन तुकडे झाले. त्या क्षणी मी बोलायला हवं होतं. अण्णा, हिचा आवाज असाच आहे, सिस्टरबाईंना असाच हवा आहे, एवढंच. मला सगळं कळत होतं. पण अण्णा ते तुकडे बाजूला ठेवत म्हणाले, "तुजा आजा ह्ये बघून काय म्हनला असता ठावं हाय?" आणि मला माझे आजोबा काय म्हणाले असते हे ऐकायचं होतं. आधी हे ऐकू, मग सांगू, असं मी ठरवलं.

तसं मी मंगळवारीही ठरवलं आणि बुधवारीही. अण्णा कामावरून यायचे, 'आलो' म्हणायचे विसरायचे, आणि थेट पोत्यावर बसायचे. हाडाचा पाट त्यांनी आपल्या जुन्या पेटीतून काढला. आईच्या लुगड्यात गुंडाळलेली ती पेटी त्यांनी पिंपरीला आणली होती हेच मला माहीत नव्हतं. हाताशी कानस, तोंडाशी गोष्ट. त्यांनी पहिला तंबोरा फोडला होता तो किस्सा, एका बुवांनी जवारी पसंत नाही म्हणून तीनदा परत पाठवलं तो किस्सा. बुधवारी ते आईबद्दल बोलले. आई गेल्यापासून पहिल्यांदा. "मी भाईर बसून धागा सरकवायचो," ते म्हणाले, "आणि ती आत भाकरी थापत असायची. जवारी लागली की तितनंच वरडायची, 'लागली!' माज्या आदी तिला कळायचं." एवढं बोलून ते बराच वेळ नुसतं कानसत राहिले. मी तोंड फिरवून डोळे पुसले, आणि गिटारीबद्दल एक शब्द बोलले नाही.

गुरुवारी त्यांनी पाट बसवला, तारा चढवल्या, धागे घातले. शुक्रवारी जवारी लागली. खोली भरून गेली. गिटार गुंजत होती, झणझणत होती, एकदा छेडली की थांबायचं नाव नाही. आणि पडद्यावर बोट दाबलं की पत्रा थरथरावा तशी खरखर. अण्णांना पडद्यांशी देणंघेणं नव्हतं, तंबोऱ्याला पडदे कुठे असतात? दुसऱ्या दिवशी सकाळी सगुणाबाई दूध ओतता ओतता थबकली.

"अगं बया! कसं ब्येस वाजतंय," ती म्हणाली. "पर काय ओ मिस्त्री, ह्याला भोपळा न्हाई तो?"

अण्णा खूश. मी गिटारीकडे बघत होते. पाच दिवसांचं बोलणं मी दुसऱ्याच्या वस्तूवर मिळवलं होतं, आणि ते मला पक्कं ठाऊक होतं.

रविवारी चर्चहून सिस्टरबाई थेट आमच्याकडेच आल्या, झगाही बदलला नाही. अण्णांनी त्यांना बसायला आमचा एकुलता एक पाट दिला आणि गिटार दोन्ही हातांवर आडवी धरून पुढे केली. सिस्टरबाईंनी ती मांडीवर घेतली, डोळे मिटले, अंगठा वरपासून खाली फिरवला.

आवाज झणझणत उठला. सिस्टरबाईंनी डोळे उघडले आणि तारांवर हात ठेवून तो थांबवला. पुन्हा एकदा, जरा हळू, अंगठा फिरवला. पुन्हा हात ठेवून थांबवला. तिसऱ्यांदा त्यांनी फिरवलाच नाही.

"मेस्त," त्या म्हणाल्या, "हा कोण बोलतो?"

"जवारी उगडली, सिस्टरबाई," अण्णा उत्साहाने म्हणाले. "बंद हुती. आता बगा की, किती..." आणि त्यांचं लक्ष सिस्टरबाईंच्या चेहऱ्याकडे गेलं. कारागीर माणूस, गिऱ्हाइकाचा चेहरा वाचल्याशिवाय का इतकी वर्षं काढली होती. त्या रडत नव्हत्या. आगगाडीत चुकून भलत्याच माणसाला हाक मारल्यावर होतो तसा त्यांचा चेहरा झाला होता.

"माझा ज्यो असा नव्हता," त्या म्हणाल्या. "चूक माझी. मी नीट सांगितलं नाही." त्यांनी गिटार हळूच पोत्यावर ठेवली, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि निघून गेल्या.

अण्णा गिटारीकडे बघत राहिले. मग माझ्याकडे वळले.

"तू ह्याचा आवाज आदी ऐकला हुतास?"

"हो."

"किती येळा?"

"दर रविवारी."

"मग मी ह्ये करत हुतो तवा तुला कळत हुतं?"

"हो."

"मग बोलली का न्हाईस गं?"

मी पोत्याच्या धाग्याशी खेळत बसले. खोटं बोलायला सुचेना आणि खरं बोलायची लाज वाटत होती. शेवटी खरंच बोलले.

"तुम्ही बोलत होता म्हणून."

अण्णा उठून मडक्यातलं पाणी प्यायले. बराच वेळ दारात उभे राहिले, पाठ माझ्याकडे. गाडी गेली, तिची धडधड बाभळींपलीकडे विरली, तरी ते तसेच. मग येऊन पोत्यावर बसले, धागे काढले, तारा उतरवल्या आणि तो रुंद पाट काढला. तुटकी पट्टी समोर ठेवून त्यांनी नवीन हाड कापायला घेतलं, सुरीच्या पात्याएवढं.

सिस्टरबाई मंगळवारी सकाळी निघणार होत्या. रविवार दुपार आणि सोमवारची संध्याकाळ एवढाच वेळ हातात. किती उंच, किती गोल, धार किती ठेवायची, अण्णांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं ते माझ्या कानाला. अण्णा पट्टी बसवायचे, तारा चढवायचे, माझ्याकडे बघायचे.

"ह्यो?"

"नाही. जास्त चमकतोय."

पुन्हा तारा उतरवायच्या. पुन्हा कानस.

"ह्यो?"

"नाही."

त्या दोन दिवसांत याखेरीज आम्ही काही बोललो नाही. गोष्टी संपल्या होत्या. आणि मला एक भयंकर गोष्ट कळली. शुक्रवारपासून ती झणझण ऐकून ऐकून मूळचा आवाज माझ्या कानातून जायला लागला होता. मी डोळे मिटून सिस्टरबाईंची खोली आठवायचे, व्हिनेगरचा वास आठवायचे, अंगठा फिरताना आठवायचे, आणि नेमका आवाज मात्र येता येता राहायचा. जगात दोनच माणसांकडे तो होता आणि त्यातल्या एकाने तो हलगर्जीपणाने हरवला होता. सोमवारी दिवेलागणीला अण्णांनी सातव्यांदा की आठव्यांदा तारा चढवल्या.

"ह्यो?"

मला नक्की सांगता येत नव्हतं. जवळ होता. फार जवळ होता. अण्णांची बोटं सोलून निघाली होती.

"हाच," मी म्हणाले.

मंगळवारी सकाळी सिस्टरबाई दारात आल्या, तेव्हा टांगा उभा होता. अण्णांनी पहिली पाळी बुडवली होती. सिस्टरबाई उंबऱ्यावरच टेकल्या, अंगठा फिरवला आणि आवाज विरेपर्यंत थांबल्या. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा.

"तोच आहे, मेस्त," त्या म्हणाल्या. "थोडा म्हातारा झाला. पण मी पण झाले." आणि त्यांनी गिटार पेटीत ठेवली. ते खरं होतं की आम्हां दोघांकडे बघून म्हटलं होतं, हे मला त्यांना विचारायचं धाडस झालं नाही. टांगा माळावरून दिसेनासा होईपर्यंत मी उभी होते. त्यांचं पत्र कधी आलं नाही, आणि मराठी लिहिता येत नसल्यामुळे ते येणारही नव्हतं. शेजारच्या खोलीत नंतर एक फिटर राहायला आला. त्याची खोली दिवसभर बंद असायची.

अण्णांनी त्यानंतर आठ-दहा दिवस फार खटपट केली. आले की बसायचे, घसा खाकरायचे आणि काहीतरी बोलायचे. आज खिळे संपले. आज कँटीनला वांगं होतं. अमक्याची सायकल पंक्चर झाली. एकेक वाक्य त्यांनी वाटेत जमवून आणलेलं असायचं, आणि ते सांगून झालं की सुटल्यासारखे भिंतीला टेकायचे. मीही 'हो का?' म्हणायचे. मग एक दिवस ते बसले, घसा खाकरला, तोंड उघडलं, आणि काही सुचेना. मला त्यांची इतकी कणव आली की मी उठून ताट वाढायला घेतलं. पहिला घास झाल्यावर ते म्हणाले, "आमटी चांगली झालीय."

ते वाक्य त्यांना सापडलं. पुढे माझं लग्न होईपर्यंत, रोज संध्याकाळी, पहिला घास झाला की तेच वाक्य. कधी मला राग यायचा, कधी हसू यायचं, कधी ऐकूही यायचं नाही. एकदा मी मीठच घालायला विसरले. मला ते माझ्या पहिल्या घासाला कळलं, तोवर अण्णांची वाटी निम्मी संपली होती. मी मिठाच्या बरणीकडे हात नेला, तेवढ्यात ते ताटातून वर न बघता पुन्हा म्हणाले, "आमटी चांगली झालीय."